बर्फाचा आणि समुद्राचा हिशेब

 

आज कर्ज, हप्ता, शेळीपालन यातलं काही बोलणार नाही. आज एका नोकरीबद्दल बोलायचं आहे. नोकरी अशी, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हालाही हसू आलं होतं.

झालं असं. एका गटाची महिन्याची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, बाया उठायला लागल्या. एक ताई मात्र बसून राहिली. तिची मुलगी नाशिकला वसतिगृहात राहून बीएस्सी करते, शेवटचं वर्ष. कॉलेजच्या सूचना फलकावर तिने एक जाहिरात वाचली होती. हिमनद्या आणि समुद्र यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करायला संशोधक हवा आहे, अशी. ती जागा पीएचडी झालेल्यांसाठी होती, म्हणजे आज तरी तिला अर्ज करता येत नाही. पण पोरीने आईला सांगितलं, "मला हेच करायचंय. त्यासाठी आधी एमएस्सी करते."

ताई म्हणाली, "आमच्याकडे ना बर्फ, ना समुद्र. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरायचं, आणि ही बर्फाचा अभ्यास करणार! घरात एक स्थळ आलंय. मी तिच्या बापाला काय सांगू? हे काम म्हणजे नेमकं काय असतं, ते तरी मला कुणी सांगा."

खरं सांगायचं तर आम्हालाही ते सांगता आलं नाही. म्हणून आम्ही वाचलं, कॉलेजच्या सरांना विचारलं, आणि पोरगी सुट्टीत घरी आली तेव्हा तिलाच बैठकीत बोलावलं. त्या दिवशी जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पोरीने काही भाषण केलं नाही. बाजारातून बर्फ आणला आणि काचेचे दोन सारखे ग्लास मागितले. एका ग्लासात पाणी घेऊन त्यात बर्फाचा खडा सोडला. तो तरंगला. दुसऱ्या ग्लासात एक उंच दगड ठेवला, दगडाचं डोकं वर राहील इतकंच पाणी घातलं आणि त्या डोक्यावर बर्फ ठेवला. दोन्ही ग्लासांवर पाण्याच्या पातळीला पेनाने रेघ मारली. चहा होईपर्यंत बर्फ वितळलं. पहिल्या ग्लासात पाणी रेघेवरच होतं. दुसऱ्यात ते रेघेच्या वर चढलं होतं.

मैत्रिणींनो, हा प्रयोग घरी मुलांना घेऊन जरूर करा. तरंगणाऱ्या बर्फाने आपली जागा पाण्यात आधीच अडवलेली असते, त्यामुळे ते वितळलं तरी पातळी वाढत नाही. दगडावरचं बर्फ वितळलं की ते पाणी नव्याने ग्लासात येतं. जगातही बर्फ असंच दोन प्रकारचं आहे. समुद्राचंच पाणी गोठून त्यावर तरंगणारं एक, आणि जमिनीवर साठलेलं दुसरं. या दुसऱ्या प्रकारात हिमनद्या येतात.

हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. थंड प्रदेशात डोंगरावर दरवर्षी बर्फ पडतं. उन्हाळ्यात सगळं वितळत नाही, त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं. वरच्या वजनाने खालचं दाबलं जाऊन दगडासारखं घट्ट होतं. पुरेसं जाड झालं की आपल्याच भाराने उताराकडे सरकू लागतं. डोळ्यांना दिसत नाही, पण सरकतं.

आता हिमनदीकडे आपल्या गटाच्या नजरेने बघा. वर पडणारं बर्फ ही जमा. वितळून आणि तुटून जाणारं बर्फ हा खर्च. जमा जास्त असेल तर हिमनदी वाढते, खर्च जास्त झाला तर आटते. शास्त्रज्ञ खरोखरच असा वर्षाचा ताळेबंद मांडतात. पोरीने हे सांगितलं तेव्हा आमची खजिनदार ताई म्हणाली, "मग ही आपल्यासारखीच वही लिहायची की!" हो, वहीच लिहायची. पण या वहीत एक अडचण आहे. काही खर्च असा होतो, की तो वरून दिसतच नाही.

तो कसा होतो, ते आता बघू. हिमालयातल्या हिमनद्या डोंगरातच संपतात. त्यांचं पाणी गंगेला, सिंधूला मिळतं. पण ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर कित्येक हिमनद्या सरळ समुद्रात उतरतात. तिथे बर्फाची उंच भिंत पाण्यात पाय सोडून उभी असते. वरचं ऊन आपल्याला दिसतं. खालून समुद्र तिला चाटत असतो, ते कुणाला दिसत नाही.

समुद्र तर तिथे थंडगार, मग बर्फ वितळतं कसं? याचं एक कारण मीठ. भांड्यात फिरवून आईस्क्रीम करतात, तेव्हा भोवतीच्या बर्फात खडेमीठ घालतात, ते आठवा. मीठ लागलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळायला लागतं. समुद्राचं खारं पाणी गोठायला शून्याच्या खाली जवळजवळ दोन अंश थंडी लागते. त्यामुळे आपल्याला गारठवून टाकणारं पाणीही हिमनदीच्या पायाला मात्र ऊनच असतं.

दुसरी गोष्ट आपल्या चुलीसारखी आहे. चूल पेटली की धूर वर चढतो आणि खालच्या तोंडातून नवा वारा आपोआप आत ओढला जातो. हिमनदीपाशीही असंच होतं. वितळलेलं पाणी गोडं, म्हणून खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. ते बर्फाच्या भिंतीला घासत वर चढतं. ते वर गेलं की त्याच्या जागी समुद्राचं ऊबदार, खारं पाणी खालून भिंतीपाशी ओढलं जातं. ते आणखी बर्फ वितळवतं, मग पुन्हा गोडं पाणी वर. चूल एकदा पेटली की स्वतःच वारा ओढते, तसंच हे.

खालून पाय पोखरला की वरचा भाग कोसळतो. पावसाळ्यात पुराचं पाणी ओहळाचा काठ खालून खातं आणि मग वरची माती झाडासकट धाडकन खाली येते, हे आपण दरवर्षी पाहतो. हिमनदीचे तसेच मोठे कडे तुटून समुद्रात पडतात.

अंटार्क्टिकात आणखी एक गोष्ट आहे. तिथे हिमनद्यांचं पुढचं टोक समुद्रावर पसरून तरंगत असतं. या तरंगत्या पट्ट्यांना हिमफळ्या म्हणू. फळी आधीच तरंगते आहे, म्हणून ती तुटली तरी पातळी फारशी वाढत नाही. पण तिचं काम वेगळं आहे. ती शेताच्या बांधासारखी मागच्या हिमनदीला अडवून धरते. २००२ साली अंटार्क्टिकातली लार्सन बी नावाची हिमफळी साधारण महिन्याभरात फुटली. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाएवढं. बांध फुटल्यावर मागच्या हिमनद्या पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या.

आता या सगळ्याचा हिशेब समुद्राच्या बाजूने बघा. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली. म्हणजे हाताची जवळजवळ एक वीत. काही वाढ पाणी तापून फुगल्यामुळे झाली, काही जमिनीवरचं बर्फ वितळून आल्यामुळे. २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग दर वर्षाला ३.७ मिलिमीटर होता, आणि तो वाढतो आहे. एकट्या अंटार्क्टिकात एवढं बर्फ आहे की सगळं वितळलं तर समुद्र ५८ मीटर वर येईल. घाबरू नका, ते आपल्या किंवा नातवंडांच्या हयातीत होणार नाही. पण पुढच्या पन्नास-शंभर वर्षांत नेमकी किती वाढ होईल, एक हात की दोन, याचा अंदाज बांधणं अवघड जातं. कारण समुद्र खालून किती बर्फ खातो, हीच नोंद अजून नीट लागलेली नाही. ही नोंद लावणं, हीच ती नोकरी.

बैठकीत एका आजीने विचारलं, "पण आपल्याला त्याचं काय? आपण डोंगरात राहतो." प्रश्न बरोबर आहे. त्याची दोन उत्तरं आम्हाला मिळाली.

पहिलं उत्तर आपल्या पाण्याचं. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून गोदावरी पूर्वेला जाते, पण आपल्या हरसूलकडचे ओहळ पश्चिमेला उतरतात, दमणगंगेला मिळतात आणि दमणजवळ समुद्राला जातात. आपल्यातले कितीतरी जण कामाला वापीला, दमणला, मुंबईला जातात. समुद्र वर आला की भरतीचं पाणी खाडीतून आत घुसतं, भातशेतीत मीठ येतं, विहिरी खाऱ्या होतात. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला तर शहरातलं पाणी समुद्रात जायला जागाच मिळत नाही. मग आधी कोणाच्या घरात पाणी शिरतं? सखल जागेत झोपडी करून राहणाऱ्याच्या. ती माणसं आपलीच असतात.

दुसरं उत्तर पावसाचं. इथे हिमनदीची नाही, तरंगणाऱ्या समुद्री बर्फाची गोष्ट आहे. गोव्यातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली एक अभ्यास मांडला. उत्तर ध्रुवाकडच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी झालं, तर आपल्याकडे सप्टेंबरमध्ये, पावसाळा सरता सरता, मध्य भारतात अतिवृष्टी होण्याशी त्याचा संबंध असू शकतो, असं त्यांना दिसलं. याचा अर्थ प्रत्येक अवकाळी सर उत्तर ध्रुवावरून आली असा नाही. पण वरच्या हवेचे प्रवाह सगळ्या पृथ्वीला जोडतात, एवढं खरं. पीक उभं असताना किंवा कापणीला आल्यावर पाऊस आला की काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. भात आडवा होतो, नागलीची कणसं काळी पडतात, आणि मग घरातली माणसं द्राक्षाच्या बागांवर लवकर निघतात. त्या वर्षी गटाचे हप्तेही थकतात. पावसाचा अंदाज थोडा जरी सुधारला, तरी तो थेट आपल्या वहीत दिसेल.

हे काम करतं कोण? तर त्यातलं बरंचसं आपल्या शेजारच्या गोव्यात होतं. वास्कोजवळ राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. ते १९९८ साली सुरू झालं आणि भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली चालतं. अंटार्क्टिकात भारताची 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन केंद्रं आहेत. हिमालयात स्पितीच्या भागात १३,५०० फुटांपेक्षा उंचावर 'हिमांश' नावाचं केंद्र २०१६ साली सुरू झालं. आणि उत्तर ध्रुवापासून साधारण १,२०० किलोमीटरवर, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, २००८ पासून 'हिमाद्री' आहे.

हिमाद्रीजवळ कोंग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे आणि त्या खाडीत हिमनद्या उतरतात. २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिथे १९२ मीटर खोल पाण्यात उपकरणांची एक माळ सोडली. खाली वजन, वर तरंगणारे गोळे आणि मधल्या दोरीला उपकरणं. विहिरीत बादली सोडावी तशी, पण ही वर्षभर आत राहते आणि पाणी किती ऊन आहे, किती खारं आहे, कुठल्या दिशेला वाहतं, याची नोंद करत राहते. मग ती वर काढायची, नोंद उतरवून घ्यायची, आणि पुन्हा सोडायची. ऊबदार खारं पाणी त्या खाडीत कधी शिरलं आणि हिमनदीचं गोडं पाणी त्यात कधी मिसळलं, ते या नोंदीतून कळतं.

संशोधक म्हणजे सदा बर्फात उभा असलेला माणूस, असं आम्हालाही वाटायचं. खरं तर बर्फावर जाणं वर्षातून काही आठवडे, तेही सगळ्यांना नाही. बाकी काम टेबलावर. उपग्रहाने काढलेली चित्रं वाचायची, उपकरणांचे आकडे तपासायचे, आणि संगणकावर समुद्राचे हजारो चौकोन पाडून प्रत्येकात किती उष्णता आली, किती गेली, किती शिल्लक राहिली, हे मांडायचं. आपल्या प्रत्येक सभासदाचं पान वेगळं असतं ना? तसंच. एका पानावर चूक झाली की शेवटची बेरीज जुळत नाही, आणि मग रात्र रात्र बसून चूक शोधायची. आपल्या हिशेबनीस तायांना हे वेगळं सांगायला नको.

आता त्या ताईचा खरा प्रश्न. बाईमाणसाने असल्या कामाला जावं का? तर मैत्रिणींनो, आपल्या महाराष्ट्राची लेक चाळीस वर्षांपूर्वीच जाऊन आली आहे. डॉ. अदिती पंत. जन्म नागपूरचा, बीएस्सी पुणे विद्यापीठाची. पुढे हवाई आणि लंडन इथे शिकून त्या गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करू लागल्या. समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचा त्यांचा अभ्यास. डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी मोहीम गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाली, तेव्हा त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदिप्ता सेनगुप्ता त्या जहाजावर होत्या. भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं तिथलं पहिलं केंद्र उभं राहिलं. आणि अलीकडे इस्रोच्या मंगला मणी छप्पन्नाव्या वर्षी 'भारती' केंद्रावर गेल्या आणि ४०३ दिवस राहिल्या. सासू होण्याच्या वयात!

वाट कशी आहे, तेही सांगतो. ज्यांच्या घरी अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुली आहेत, त्यांनी लिहून घ्या. बारावीला गणित सोडू नका. मग बीएस्सी, त्यात भौतिकशास्त्र, गणित, रसायन किंवा भूगर्भशास्त्र. मग एमएस्सी. गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकवतात, आणि साधं भौतिकशास्त्र घेऊनही या विषयाकडे वळता येतं. त्यानंतर नेट किंवा गेट ही परीक्षा. ती पास होऊन संशोधनासाठी निवड झाली तर छात्रवृत्ती मिळते. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता असा दर आहे. म्हणजे पीएचडी करताना घरून पैसे मागवावे लागत नाहीत, उलट घरी पाठवता येतात. आदिवासी मुलामुलींसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची उच्च शिक्षणाची राष्ट्रीय छात्रवृत्ती आहे, दरवर्षी ७५० जणांना. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, आणि तिथे जागा मिळाली नाही तर जेवण-राहण्यासाठी 'स्वयं' योजना आहे. अटी आणि तारखा त्या त्या वर्षी प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा. आमच्या डोळ्यांदेखत मुली कागदासाठी मागे राहिल्या आहेत, हुशारीसाठी नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल, रेडिओवर गोड बोलून गेल्या. ही वाट लांब आहे. एमएस्सीची दोन वर्षं, पीएचडीची पाच तरी. जाहिरातीतल्या पुष्कळ जागा ठरावीक मुदतीच्या असतात, दोन-तीन वर्षांच्या. मुदत संपली की पुन्हा अर्ज. पक्की नोकरी कमी जणांना लागते. इंग्रजीत लिहावं-बोलावं लागतं आणि सुरुवातीला ते जड जातं. हे सगळं आम्ही त्या ताईसमोर आणि पोरीसमोर मांडलं.

पोरगी म्हणाली, "गटाचं पहिलं कर्ज घेताना तुम्हाला तरी कुठे माहीत होतं फिटेल का?"

त्यावर बैठक गप्प झाली. मग आजीच बोलली, "फिटलं ना पण."

त्या दिवशी गटाने ठराव केला. एमएस्सीच्या प्रवेश अर्जाची फी आणि प्रवासखर्च गटाच्या अंतर्गत कर्जातून द्यायचा. कर्ज आईच्या नावावर, हप्ता नेहमीसारखा. दोन ताया म्हणाल्या की हे जोखमीचं आहे, त्यांचं म्हणणंही इतिवृत्तात लिहिलं. आलेल्या स्थळाला ताईने दोन वर्षं थांबायला सांगितलं. ती माणसं थांबतील की नाही, माहीत नाही. पोरीचे वडील अजून पूर्ण राजी नाहीत, पण अर्जावर सही करताना त्यांनी एवढं मात्र विचारलं, "गोव्याला गाडी कुठून मिळते?"

प्रवेश मिळतो का, ते कळायचं आहे. कळलं की याच कार्यक्रमात सांगू.

तोवर तुम्ही एक करा. घरी दोन ग्लास घ्या, एक दगड घ्या, थोडं बर्फ आणा. पोरींना समोर बसवा आणि बर्फ वितळायच्या आधी विचारा, कुठल्या ग्लासातलं पाणी वाढेल? जी उत्तर देऊन थांबेल, तिला शाबासकी द्या. आणि जी पुढे "पण का?" असं विचारेल, तिच्या शिक्षणासाठी आजपासूनच बचत सुरू करा.

नमस्कार.